दोन फुटी भिंती आणि ९४ एमबीपीएस

आमच्या घरी नेट अडलं की भाऊजी प्लॅन वाढवतात. पन्नासचा शंभर झाला, शंभरचा दोनशे झाला, बिल वाढलं, आणि मागच्या खोलीत शिकवताना माझा आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. मी नववी-दहावीच्या मुलामुलींना ऑनलाइन गणित शिकवते. प्रमेयाच्या ऐन मध्यावर कोणीतरी लिहितं, "मॅडम, आवाज गेला," आणि मला "म्हणून" पासून पुन्हा सुरुवात करावी लागते. पुतण्याचं म्हणणं, गेममध्ये लॅग येतो. जाऊबाईंची मालिका मोक्याच्या प्रसंगी थांबते. नाना, म्हणजे माझे सासरे, त्यांचं ई-पेपरचं पान उघडता उघडता चहा निवतो. चौघांची तक्रार एकाच शब्दात, "स्लो". मला मात्र संशय होता की ही चार वेगळी दुखणी आहेत आणि आपण चौघांनाही एकच गोळी देतोय, तीही महागडी.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वही घेऊन बसले.

आधी घर सांगते, कारण अर्धी गोष्ट घरातच आहे. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, चिटणीस की गोठ या मोहल्ल्यात राहतो. रस्त्याकडे बैठक, मध्ये चौक, चौकाच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे माझी पाटोर. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर पाटोर म्हणजे दगडी पटियांचं छत असलेली खोली. भिंती दोन-दोन फूट जाड, दगडाच्या. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत बसवतं ते या भिंतींमुळेच, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची नाहीत असं ठरवूनच मी कामाला लागले. फायबरची तार रस्त्यावरून बैठकीत येते. ज्या मुलाने ती आणली त्याने जिथे भोक पाडलं तिथेच रूटर ठेवला: लोखंडी कपाटाच्या मागे.

पहिला नियम मी स्वतःसाठी केला तो असा, की मागच्या खोलीत फोनवर स्पीड टेस्ट करायची नाही. तिथे जो आकडा येतो तो भिंतीचा, कपाटाचा, फोनचा आणि कंपनीचा मिळून असतो. चार अज्ञात राशी आणि समीकरण एक. ते सुटायचं कसं? म्हणून लॅपटॉप उचलून बैठकीत नेला, वायफाय बंद केलं, रूटरला थेट केबल लावली, घरातले बाकीचे सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावले (यासाठी जेवढी भांडणं झाली तेवढी बाकी कशासाठीच झाली नाहीत) आणि मग टेस्ट केली. आकडा आला ९४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट.

प्लॅन दोनशेचा, आकडा ९४. भाऊजी लगेच फोन उचलायला निघाले, कंपनीला झाडायला. मी थांबवलं. कारण सकाळी, दुपारी, रात्री कधीही मोजा, ९४ किंवा फार तर ९५. खरी गर्दी असली तर आकडा वर-खाली होतो. जो आकडा हलतच नाही, त्याच्यावर कोणीतरी झाकण बसवलेलं असतं.

झाकण केबलमध्ये होतं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. हजारवाल्या, म्हणजे गिगाबिट जोडणीला चारही जोड्या लागतात. एक जरी तार तुटली किंवा नीट दाबली गेली नसली, तर बहुतेक नेटवर्क कार्डं कुरकुर न करता शंभरावर उतरतात. आणि नेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून जाते, म्हणून शंभरच्या जोडणीतून पाकिटांवरचे पत्ते, वेष्टणं वगैरे वजा जाता हातात येतात ते साधारण ९४-९५. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे स्वच्छ १००/१०० लिहिलेलं होतं. केबल खिडकीच्या प्रकाशात धरून टोकाचा पारदर्शक प्लग पाहिला. आत चारच रंग. ज्याने कोणी ती केबल बनवली त्याने चार तारा कापून टाकल्या होत्या. तेव्हा चार पुरत असतील. नया बाजारातून आठही तारांची केबल आणली आणि आकडा १९० च्या पुढे गेला. म्हणजे कंपनी आधीपासून पूर्ण देत होती, आणि दोनशेच्या प्लॅनचे वरचे पैसे आम्ही त्या प्लगपाशी सांडत होतो.

इथे एक गोष्ट, जी मी वर्गातही शिकवते. प्लॅनवर लिहिलेलं असतं मेगाबिट, आणि फाइल उतरताना खिडकीत दिसतं ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. दोनशेच्या प्लॅनवर खिडकीत पंचवीसच्या आत-बाहेर दिसलं तर तक्रार करू नका, भागाकार करा. आणि गरज किती असते? एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतं. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात. त्याआधी ५१२ केबीपीएससुद्धा ब्रॉडबँडच होतं. तेव्हा दोनशे असताना माझा आवाज, ज्याला शंभर केबीपीएसही लागत नाहीत, तो का तुटावा?

आता मागची खोली. बैठकीत १९०, पाटोरीत वायफायवर चार-पाच. कधी अकरा. दार उघडं ठेवलं तर थोडं जास्त, जे फार बोलकं होतं.

वायफायच्या नेहमीच्या दोन वाटा असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहा. लहान लाट जास्त माल वाहते, पण दगडात लवकर मरते. आमच्या घरी ५ गिगाहर्ट्झ बैठकीच्या भिंतीतच संपतं, चौकात त्याचं नावही दिसत नाही. २.४ कसंबसं पाटोरीपर्यंत पोहोचतं, पण तिथे सगळी गोठ जमलेली. फोनवर वायफाय स्कॅनरचं ॲप टाकून पाहिलं तर शेजारपाजारची इतकी नावं आली की मोजणं सोडून दिलं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यातही कोणीतरी ३ वर बसलं होतं. तो १ वाल्यांनाही छळतो आणि ६ वाल्यांनाही. आम्ही ११ घेतलं, कपाटामागचा रूटर कपाटावर आणला. चार-पाचचे बारा-पंधरा झाले. सुधारणा होती, पण वर्ग घ्यायला निर्धास्त वाटावं अशी नव्हती.

मध्यंतरी पुतण्याने एक रिपीटर आणला होता, भिंतीतल्या प्लगात खोचायचा. "काकू, फुल रेंज!" असं ओरडत आला. फोनवरच्या काड्या खरंच पूर्ण भरलेल्या. वेग मात्र अर्धा. त्याचं कारण सोपं आहे: हे स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतात. एकच वाक्य दोनदा उच्चारायचं म्हटल्यावर निम्मा वेळ गेलाच. शिवाय काड्या सांगतात ते फोनचं रिपीटरशी किती जमतंय एवढंच. रिपीटरचं रूटरशी कसं चाललंय, ते त्या काड्यांना ठाऊक नसतं. मी त्याला तो परत करायला लावला, पैसे मात्र परत मिळाले नाहीत, दुसरा माल घ्यावा लागला. तो एक गेमचा माऊस झाला.

दगडातून लाट जात नाही तर तार न्यायची, इतकं साधं. पण भिंतीला भोक पाडायला नानांचा ठाम नकार. त्यांचं म्हणणं असं की या भिंती त्यांच्या आजोबांच्याही आधीच्या आहेत आणि इंटरनेट परवाचं. तारीख काढली तर नानांचं बरोबरच आहे, भारतात सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलतर्फे. शेवटी रोशनदान, म्हणजे भिंतीतला वरचा झरोका, सापडलं. बैठकीच्या रोशनदानातून केबल चौकात काढली, चौकाच्या कडेकडेने प्लास्टिकच्या पाइपातून नेली (उघडी ठेवली तर आमचं ऊन तिचं वरचं आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत तडकवतं, आणि माकडं आहेतच), आणि पाटोरीच्या रोशनदानातून आत घेतली. तीसेक मीटर लागली. मर्यादा शंभर मीटरची असते, तेव्हा कोणत्याही वाड्यात चालेल. केबल घेताना एक बघा: दुकानात स्वस्तातली जी कॅट-सिक्स दाखवतात ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, सीसीए म्हणतात तिला. वाकवली की तुटते. निखळ तांब्याचीच मागा, वजनातही फरक कळतो.

पाटोरीत त्या तारेच्या टोकाला जुना, अडगळीत पडलेला रूटर लावला. तो रूटर म्हणून न लावता ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. म्हणजे त्याचं डीएचसीपी, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं, त्याचा पत्ता मुख्य रूटरहून वेगळा ठेवायचा आणि केबल त्याच्या निळ्या किंवा पिवळ्या वॅन पोर्टात न घालता लॅन पोर्टात घालायची. हे केलं नाही तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि प्रिंटर एकाच्या घरी, लॅपटॉप दुसऱ्याच्या, अशी गत होते. ज्या रूटरांत "एपी मोड" असा पर्याय असतो, त्यात एका टिचकीत हे सगळं होतं. मी वर्ग घेते तो लॅपटॉप तर त्याच डब्याला केबलनेच जोडला. दोनशेच्या प्लॅनवर पाटोरीत १८० च्या वर यायला लागलं. स्वयंपाकघरालाही तिथूनच मिळतं, म्हणून जाऊबाईंची मालिका सुटली.

आणि तरीही माझा आवाज तुटला.

रोज नव्हे. संध्याकाळी, साधारण सातच्या वर्गाला, पाच-दहा मिनिटं, आणि मग आपोआप ठीक. स्पीड टेस्ट केली तर दीडशेच्या वर. इथे मला वेगाचा नाद सोडून वेळ मोजावी लागली. त्यासाठी पिंग आहे, १९८३ सालचं, माइक म्यूस नावाच्या माणसाने लिहिलेलं एवढंसं साधन. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग लिहून पुढे पत्ता टाकायचा, एक पाकीट जातं, परत येतं, किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. मी दोन खिडक्या उघडल्या. एकीत घरच्या रूटरला पिंग, म्हणजे १९२.१६८.१.१. दुसरीत बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. पहिली खिडकी माझ्या घराबद्दल बोलते, दुसरी घर आणि बाहेरचं मिळून. वजाबाकी केली की बाहेरचं उरतं.

किती वेळ यायला हवा याचाही हिशेब करता येतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई इथून सरळ रेषेत हजारेक किलोमीटर; जायला ५ मिलिसेकंद, यायला ५. तेव्हा मुंबईतल्या सर्व्हरशी पिंग १० च्या खाली कोणत्याही प्लॅनवर येणार नाही, भाऊजींनी कितीही वाढवला तरी. पुतण्याला हे पटवायला मला फळा वापरावा लागला.

सात वाजता माझ्या दोन खिडक्या अशा: घरचा रूटर १ मिलिसेकंद, स्थिर. बाहेर एरवी १५-२०, आणि मग अचानक ४००, ६००, ७५०. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी मोजपट्टी आहे. सातशेला संवाद होत नाही, आकाशवाणी होते.

शोध लावला तो जाऊबाईंच्या फोनने. त्या संध्याकाळी सात वाजता देवळातून येतात, फोन वायफायला लागतो, आणि दिवसभरात आलेले लग्नांचे, नातवंडांचे, सुविचारांचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. चढायला, म्हणजे अपलोड. आमच्या प्लॅनच्या कागदावर उतरण्याचा आकडा ठळक अक्षरात होता, चढण्याचा नव्हताच. मोजला तर २० एमबीपीएस. त्यात भर म्हणजे नानांच्या कॉम्प्युटरवर विंडोजची ती सेटिंग चालू होती, ज्यात तुमचा कॉम्प्युटर उतरवून घेतलेली अपडेट्स इंटरनेटवरच्या दुसऱ्यांनाही वाटत बसतो.

पण २० भरले म्हणून माझे शंभर केबीपीएस का अडावेत? गडबड रांगेत होते. रूटरमध्ये पाकिटं साठवायची जागा असते, आणि मेमरी स्वस्त झाल्यापासून बनवणाऱ्यांनी ती भरमसाट ठेवली. दाणाओलीच्या बोळात पोत्यांचे ठेले एकामागे एक लागले की मागच्या सायकलवाल्यालाही सगळे ठेले रिकामे होईपर्यंत थांबावं लागतं, वाट त्याला वितभरच हवी असली तरी. तसं माझ्या आवाजाचं एवढंसं पाकीट जाऊबाईंच्या व्हिडिओमागे उभं राहायचं. पाकीट हरवत नाही, पण पोहोचतं तेव्हा त्याचा उपयोग राहिलेला नसतो. याला बफरब्लोट म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अमेरिकी प्रोग्रामरच्या हे लक्षात आलं, तेही घरच्या कनेक्शनवरून मोठ्या फाइली चढवताना. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली उपाय मांडला: रांग किती लांब आहे ते बघू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघा, आणि फार वेळ झाला तर एखादं टाकून द्या, म्हणजे पाठवणारा आपसूक हात आवरतो. मला गणित म्हणून ही कल्पना इतकी आवडली की त्या दिवशी वर्गात विषय सोडून सांगितली.

करायचं काय? रूटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली घालायची. मी २० च्या जागी १७ घातले. यात तीन एमबीपीएस आपण होऊन सोडतो, पण रांग आपल्या रूटरात लागते, जिथे ती शहाणपणाने चालवता येते. नाहीतर पुढच्या डब्यात लागते, जिथे आपलं काही चालत नाही. ज्यांच्या रूटरात एसक्यूएम नाही त्यांनी साध्या क्यूओएसमध्ये (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) मर्यादा घातली तरी बराच फरक पडतो. तेही नसेल तर फोनचा बॅकअप रात्री चार्जिंगला लावल्यावरच होईल असं करा. आता सातला जाऊबाई देवळातून येतात, व्हिडिओ चढत असतात, आणि दुसऱ्या खिडकीतला आकडा तिशीच्या वर जात नाही. पुतण्याचा लॅगही याच रांगेतला होता.

नानांचं दुखणं सगळ्यात सोपं निघालं, आणि ते नेटचं नव्हतंच. टास्क मॅनेजर उघडला, नेटवर्कचा रकाना शून्याच्या आसपास, डिस्कचा रकाना १०० टक्के. जुनी फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली, ई-पेपर चहा गरम असतानाच उघडतो.

एकदा मात्र दोष खरोखर बाहेर होता. एका पावसानंतर सगळ्याच खोल्यांत रडगाणं, थेट केबलवरही चाळीस-पन्नास, आणि मधूनच फायबरच्या डब्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा. या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तारेतून पोहोचणारा प्रकाश, दिसते, डीबीएममध्ये, उणे आकडा; जितका जास्त उणे तितका प्रकाश कमी. आमच्यासारख्या जोडणीत साधारण उणे २७ पर्यंत चालतं. आमचा उणे २९ झाला होता. हेल्पलाइनवर "नेट स्लो आहे" म्हटलं की रूटर बंद करून चालू करायला सांगतात. मी म्हटलं, "पावर माइनस उनतीस आ रही है." पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "मॅडम, आज ही लडका भेजते हैं." मुलगा आला, खांबावर काळ्या डब्यात तार फार तीव्र वळवून कोंबलेली होती, ती त्याने कापून पुन्हा जोडली. उणे २१.

रात्री नऊ ते साडेदहा दुसऱ्या खिडकीतला आकडा अजूनही थोडा चढतो. ते माझ्या हातात नाही. जीपॉन म्हणतात त्या पद्धतीत एका तारेतून येणारे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात, आणि नऊला सगळी घरं एकदम बसतात. मी त्या वेळी वर्ग ठेवत नाही. भाऊजींनी प्लॅन पुन्हा शंभरावर आणलाय, अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

राहिली आहे ती लाईट. रस्त्यावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता प्रकाश वाटतो. म्हणून घरचे डबे चालू ठेवले तर गल्लीत अंधार असतानाही नेट चालायला हवं. बैठकीतल्या आणि पाटोरीतल्या दोन्ही डब्यांना बारा व्होल्टचे छोटे यूपीएस लावले आहेत. परवा लाईट गेली तेव्हा पाऊण तास नेट टिकलं आणि मग गेलं, आमच्या यूपीएसवर चार्ज शिल्लक असताना. म्हणजे कंपनीच्या बाजूची बॅटरी संपली असणार. तो खांबावाला मुलगा पुन्हा आला की त्याला विचारायचं आहे.